न केलेल्या कर्माचे फळ

कर्मसिद्धान्ताची मांडणी करताना भारतीय दार्शनिकांनी दोन दोष कटाक्षाने टाळले: केलेले कर्म फळ न देताच वाया जाणे, म्हणजे कृतनाश, आणि न केलेल्या कर्माचे फळ भोगावे लागणे, म्हणजे अकृताभ्यागम. 1954 साली पिंपरीत स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने जे पेनिसिलिन बनवायला घेतले, त्याच्या वापरातून यांतला दुसरा दोष नव्याने समोर येतो.

पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानात एक काल्पनिक गृहस्थ उभा केला होता: घसा दुखतो म्हणून तो अपुरे पेनिसिलिन घेतो, जिवाणू मरण्याऐवजी औषधाला सरावतात, त्यांचा संसर्ग पत्नीला होतो आणि तिच्या न्यूमोनियाला औषध लागू न पडल्याने ती दगावते. फ्लेमिंग यांनी दोष पतीच्या निष्काळजीपणाला दिला. मग पत्नीने ते फळ का भोगावे, याला तिचे पूर्वसंचित, म्हणजे मागच्या जन्मांचे साठलेले कर्म, हे उत्तर तर्काला पुरते. पण फळ एका देहातून दुसऱ्यात कसे गेले हे येथे उघड दिसत असल्याने ते फार सोयीचे वाटते.

औषधाला दाद न देण्याची ही क्षमता, म्हणजे प्रतिरोध, जिवाणूंच्या वस्तीतही एकाकडून दुसऱ्याकडे जाते: मूत्रमार्गात घातलेली नळी, कृत्रिम सांधा किंवा भाजलेली जखम यांवर जिवाणू स्वतः स्रवलेल्या चिकट थरात, म्हणजे बायोफिल्ममध्ये, वस्ती करतात. तेथे औषध नीट पोचत नाही आणि प्रतिरोधाची जनुके शेजाऱ्यांत सहज फिरतात. प्रतिजैविकांखेरीज दुसरा एक मार्ग चांदीचा आहे: पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर यांच्या गटाने जखमांसाठी चांदीच्या नॅनोकणांचे, म्हणजे मीटरच्या अब्जांशात मोजाव्या लागणाऱ्या कणांचे, जेल विकसित केले. अशा कणांतून सुटणारे चांदीचे आयन जिवाणूच्या पटलावर व प्रथिनांवर एकाच वेळी आघात करतात, म्हणून त्याला बचाव अवघड जातो. अवघड, अशक्य नव्हे: वारंवार कमी मात्रा मिळालेले ई. कोलाय जिवाणू आपल्या कशाभिकेच्या, म्हणजे पोहण्याच्या शेपटीच्या, प्रथिनाने या कणांच्या गुठळ्या करून टाकतात, हे चेक संशोधकांनी 2018 मध्ये दाखवले.

धातूला आणि प्रतिजैविकाला दाद न देणारी जनुके पुष्कळदा एकाच प्लास्मिडवर, म्हणजे जिवाणूंत हस्तांतरित होणाऱ्या डीएनएच्या वर्तुळावर, असतात. भोसरी-चाकण औद्योगिक पट्ट्यातल्या, धातूचा मुलामा देणाऱ्या एखाद्या कारखान्याचे धातूयुक्त सांडपाणी पुरेसे शुद्ध न होता पवना वा इंद्रायणी नदीत उतरले, तर कोणीही औषध न घेता प्रतिरोधक जिवाणूंची निवड होऊ शकते, आणि दोष द्यायला फ्लेमिंग यांचा गृहस्थही सापडत नाही. येथे कर्त्याचा हेतू तपासून हाती काही लागत नाही. मात्रा किती होती आणि उरलेले कोठे सोडले, हेच विचारावे लागते. जखमेवरून धुऊन निघालेल्या जेललाही हाच प्रश्न लागू होतो.