एक मूठ भिक्षा आणि ओस्लोतला नळ

ओस्लो, स्टॉकहोम, कोपनहेगन ही नावे मराठी घरांत आता परकी राहिलेली नाहीत. मुलगी किंवा मुलगा तिकडे नोकरीला, आणि उन्हाळ्यात आईवडिलांची फेरी. बॅगेत मेतकूट, भाजणी, भडंग, आणि डोक्यात अखंड चाललेला गुणाकार: नॉर्वेचा एक क्रोन म्हणजे आठ-नऊ रुपये, म्हणजे कॉफीचा पेला चारशेच्या घरात. अशा शहरात चार पैशांत आठवडा काढून येणाऱ्याचे आपल्याकडे कौतुक होते. त्या कौतुकात नुसता व्यवहार नसतो, थोडा धर्मही असतो. गरजा कमी, हाव नाही, मिळेल ते गोड मानून घेतले. म्हणजे यात्रेकरूची वृत्ती, अपरिग्रहच तो. पण काटकसरीचा प्रवास एवढ्यावरून सात्त्विक ठरतो का? मला तसे वाटत नाही. प्रवासात वाचलेला पैसा हवेत विरत नाही. प्रवाशाने स्वतः काही सोडले तर तो त्याच्याच अंगावर पडतो. सोडले नसेल, तर दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडतो. तो कुणाच्या अंगावर पडला, हे विचारल्याशिवाय साधेपणाला गुण द्यायचे नाहीत, एवढेच मला म्हणायचे आहे. आणि हे तपासायला ओस्लोच्या आधी वरंधला जावे लागते.

भोरहून महाडकडे उतरणारा घाट ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो, ते हे वरंध. त्याच खोऱ्यात शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध याच घळीत सांगितला आणि त्यांचे शिष्य कल्याणस्वामींनी तो उतरवून घेतला, अशी परंपरा. दासबोधाच्या चौदाव्या दशकात एक अख्खा समास भिक्षेवर आहे, आणि कमी पैशांत फिरणाऱ्याने तो जरूर वाचावा. भिक्षा मागायला लाजू नये असे समर्थ सांगतात. पण समोरच्याने भरभरून आणले तरी मूठभरच घ्यावे, हेही तिथेच सांगतात. ही मूठ महत्त्वाची. एका घरावर भार पडू नये म्हणून अनेक घरे, आणि प्रत्येक घरून इतके थोडे की त्या घरच्या भाकरीच्या टोपलीत फरक दिसू नये. मधुकरी हा शब्दच मधमाशीवरून आला. पुण्यात वार लावून जेवणारे विद्यार्थी नकळत हाच नियम पाळत: सात वार, सात घरे. एकाच घरी सातही दिवस जेवला असता तर तो विद्यार्थी न राहता त्या घरचा आश्रित झाला असता. शिवाय भिक्षा ही समर्थांच्या लेखी नुसती पोटाची सोय नव्हे. त्या निमित्ताने दारोदार जायचे, लहानथोर माणसे पारखायची, मुलूख ओळखायचा. म्हणजे घेणारा पोटासाठी मूठभर घेतो आणि बदल्यात लक्ष देतो. काटकसरीच्या या शास्त्रात ‘आपल्याला किती फुकट मिळाले’ याचा अभिमान कुठेच बसत नाही. घळीवर आजही येणाऱ्याला दुपारी प्रसाद मिळतो. मोटारीतून उतरून पोटभर जेवणारा आणि परतताना दानपेटीकडे पाठ फिरवणारा या समासाचा दाखला देऊ शकत नाही, मग त्याच्या मोबाईलमध्ये दासबोध पूर्ण उतरवलेला का असेना.

पण भिक्षेत एक अडचण उरतेच. देणारा समोर उभा असतो, आणि त्याला ‘पुढे जा’ म्हणता येते. याच परिसरात दानाचा दुसरा, त्याहून जुना प्रकार दिसतो. महाडच्या वेशीवर पालेची, म्हणजे गंधारपालेची, बौद्ध लेणी आहेत. तिथल्या एका शिलालेखात काणभोअ विष्णुपालित नावाच्या कुमाराने दिलेल्या दानाची नोंद आहे: लेणे, चैत्यगृह, राहायच्या खोल्या, पाण्याची टाकी आणि लेण्याची वाट. दानात वाट दिली आहे, हे मला विलक्षण वाटते. बौद्ध भिक्खू म्हणजे जगातला सर्वांत काटकसरी प्रवासी. जवळ पात्र आणि चीवर, पावसाळ्यात एका जागी मुक्काम, एरवी चालत राहणे. त्याच्यासाठी दात्याने डोंगर कोरून ठेवला आणि स्वतः बाजूला झाला. वरंध घाटातही वाघजाईच्या आसपास कातळात खोदलेली टाकी आहेत. हल्ली तिथे प्रवासी गरम भज्यांसाठी थांबतात, पण घाट चढून आलेल्या बैलाला आणि माणसाला पाणी हवे होते, ते कुणीतरी कातळ फोडून साठवून ठेवले होते. टाके माणसाला नाव विचारत नाही, आणि पाणी पिणाऱ्यालाही कुणाचे तोंड पाहावे लागत नाही.

टाके विचारत नाही खरे, पण टाक्यावर बसलेला माणूस विचारतो. जुन्या आतिथ्याची थोरवी सांगणाऱ्याने इथे थांबले पाहिजे. 1857 साली याच जिल्ह्यातल्या पेणजवळच्या वरसईहून विष्णुभट गोडसे कर्ज फेडण्यासाठी उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, ही आशा. वाटेत बंडाच्या धामधुमीत सापडले, लुटले गेले, तरी गंगेची कावड खांद्यावर घेऊन परतले. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक 1907 साली छापले गेले. खिसा रिकामा असलेल्या या माणसाला इतक्या दूर कशाने तारले? धैर्य होते, विद्याही होती. पण वाटेवरच्या प्रत्येक गावात चालणारे एक नाणे त्यांच्याकडे जन्मतःच होते, ते म्हणजे जात. वैदिक ब्राह्मणाला ओसरी मिळे, शिधा मिळे, दक्षिणा मिळे. ज्याच्याकडे हे नाणे नव्हते त्याला त्याच वाटेवर काय मिळे, याचा पुरावा महाडमध्येच आहे. 1923 साली मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळ्यापुरता तो मान्यही केला. तरी मार्च 1927 मध्ये महाडला अस्पृश्यांची परिषद भरली तेव्हा आलेल्या माणसांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. गावात तळे भरलेले, तळे नगरपालिकेचे, आणि पाहुण्याला पाणी विकत! 20 मार्चला बाबासाहेब आंबेडकरांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर तळे शुद्ध करून घेण्यात आले, ऑगस्टमध्ये पालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेले आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो 1937 साली. ‘अतिथी देवो भव’ म्हणताना अतिथी कुणाला म्हणायचे, हे ज्या समाजात यजमान ठरवतो, तिथे गरीब प्रवाशाची सोय ही कायम यजमानाच्या मर्जीची सोय असते.

आता ओस्लो. हे शहर महाग का, तर तिथे माणसाचे काम महाग आहे. थाळी विसळणारा, बस चालवणारा, खोली झाडणारा यांचे पगार संघटना आणि मालक यांच्यातल्या करारांतून ठरतात, आणि तो पगार जेवणाच्या बिलात उतरतो. कराचा वाटा असतोच, पण हॉटेलातला आकडा पाहून आपल्याला जो धक्का बसतो तो मुख्यतः दुसऱ्याच्या श्रमाची पुरी किंमत पाहून. आपल्याकडचा प्रवास स्वस्त वाटतो, कारण लॉजमधला पोऱ्या, भटारखान्यातल्या बायका, पहाटेची झाडूवाली यांच्या मजुरीत आपली बचत दडलेली असते. म्हणजे ओस्लोत हॉटेलात न जेवणारा प्रवासी कुणाला लुबाडत नाही, तो फक्त एक सेवा नाकारतो. आणि इकडे घासाघीस करून वीस रुपये वाचवणारा पुष्कळदा ते हमालाच्या पोटातून काढतो. काटकसर दोघांचीही, पण तिला एकच शब्द वापरणे मला पटत नाही.

उलट जे सगळ्यांचे आहे, ते त्या महाग शहरात फुकट आहे. नळाचे पाणी निर्धास्त पिता येते. बियोर्विकाला 2020 साली उघडलेल्या डाइकमन ग्रंथालयात कुणीही जाऊन दिवसभर बसावे. विगेलंडचे पुतळे ज्या बागेत आहेत तिला तिकीट नाही. नॉर्वेचा 1957 चा कायदा तर सांगतो की गावाबाहेरच्या मोकळ्या रानात, राहत्या घरापासून दीडशे मीटर दूर, कुणालाही दोन रात्री तंबू ठोकता येतो. मालकाची परवानगी लागत नाही. हे पालेच्या शिलालेखातल्या वाटेचेच आधुनिक रूप आहे, फरक इतकाच की इथे दाता कुमार नाही, कायदा आहे. (सार्वजनिक शौचालयाला मात्र तिथे अनेकदा पैसे मोजावे लागतात. हा मुद्दा माझ्या विरुद्ध जातो, आणि म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने तो लहान नाही.)

यावर एक आक्षेप हमखास येतो: हक्काच्या नळाला माया नसते. शिवथरच्या पंगतीत ‘आणखी घ्या’ म्हणणारा माणूस असतो, ओस्लोच्या बागेत बाक असतो. आक्षेप खरा आहे. कायद्याने आग्रह करता येत नाही. पण माया ही वरची वाढ आहे. ती पानात पडण्याआधी पान मांडलेले असावे लागते. ज्याला पंगतीतच बसू दिले नाही त्याला आग्रहाचे महत्त्व सांगणे क्रूरपणाचे आहे. आणि जिथे पाणी हक्काचे आहे तिथे कुणी प्रेमाने पेला पुढे केला, तर त्या प्रेमात उपकाराची कडवट चव उरत नाही. हक्काने आतिथ्य मरते असे म्हणणाऱ्यांनी हक्क नसताना ते कुणाकुणाच्या वाट्याला आले, याची यादी एकदा करावी.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे, आणि त्याला माझ्याजवळ पुरे उत्तर नाही. ते खुले रान आणि ते ग्रंथालय सर्वांचे खरे, पण आत आलेल्यांचे. दारावर नॉर्वेचा पर्यटक व्हिसा उभा आहे, आणि तो दिवसाला 500 क्रोन जवळ असल्याचा पुरावा मागतो; म्हणजे चार हजारांहून जास्त रुपये, रोजचे. मुलगी हमी देते म्हणून आईवडिलांना आत जाता येते. जिची मुलगी तिथे नाही ती बाई कितीही कमी खाणारी, कितीही थोडक्यात भागवणारी असो, तिच्यासाठी ते नळ नाहीत. जातीचे नाणे तिथे लागत नाही, पण पासपोर्टचे लागते, आणि तेही बहुतेकांना जन्मानेच मिळते. देशाला सीमा असणारच, पाहुण्यांची संख्या मोजावी लागणारच, हे युक्तिवाद मला समजतात. मात्र ‘तळे आमचे, त्यावर कुणी यावे ते आम्ही ठरवू’ हे वाक्य महाडच्या लोकांनी कोर्टात दहा वर्षे ऐकलेले आहे.