फीडलरचा हिशेब

जॉन ल कारे यांची 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली. लेखकाचे खरे नाव डेव्हिड कॉर्नवेल. ते स्वतः ब्रिटिश गुप्तहेर खात्यात नोकरीला होते आणि त्या काळात पश्चिम जर्मनीत, बॉनच्या ब्रिटिश वकिलातीत त्यांची नेमणूक होती. बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम दोन वर्षे झाली होती. हेरकथा म्हणजे उमदा नायक, कपटी शत्रू आणि शेवटी आपल्या बाजूची सरशी, या ठरलेल्या साच्यातून ही कादंबरी बाहेर पडली. सत्तेचा गैरवापर हा तिचा विषय आहे. पण तो करणारा कोणी हुकूमशहा नाही की लाचखाऊ अधिकारी नाही. लोकशाही राष्ट्राच्या रक्षणासाठी नेमलेले, सभ्य बोलणारे खाते आहे. म्हणूनच तिच्यातला नैतिक प्रश्न सहज हातावेगळा करता येत नाही.

अ‍ॅलेक लीमास हा बर्लिनमधल्या ब्रिटिश हेरांचा प्रमुख. पूर्व जर्मनीच्या हेरखात्यातला मुंट त्याची माणसे एकेक करून टिपतो. लंडनमधला वरिष्ठ, ज्याला सगळे नुसते 'कंट्रोल' म्हणतात, लीमासला एक शेवटची कामगिरी देतो. त्याने नोकरीतून उतरल्याचे, दारूत बुडाल्याचे सोंग घ्यायचे, शत्रूच्या गळाला लागायचे आणि मुंटच ब्रिटिशांचा हस्तक आहे असा बनावट पुरावा पूर्व जर्मनांच्या हाती पडेल अशी व्यवस्था करायची. मुंटचा दुय्यम अधिकारी फीडलर याला आपल्या वरिष्ठाचा आधीपासूनच संशय असतो. तो प्रकरण न्यायासनापुढे नेतो.

खरी गोष्ट त्या सुनावणीत उघडी पडते. लंडनमधल्या ग्रंथालयात काम करणारी, कम्युनिस्ट पक्षाची साधी सभासद असलेली लिझ गोल्ड ही लीमासची प्रेयसी. तिला साक्षीला उभे केले जाते. आपल्या घराच्या भाडेपट्ट्याची रक्कम कोणीतरी परस्पर भरून टाकली आणि लीमासचे मित्र म्हणवणारे स्मायली नावाचे गृहस्थ भेटून गेले, हे ती भाबडेपणाने सांगून टाकते. नोकरी सुटलेल्या, तुरुंगवास भोगलेल्या माणसाच्या मैत्रिणीची कोणी एवढी काळजी का घ्यावी? तिला वाचवण्यासाठी लीमास सगळे कुभांड कबूल करतो, आणि त्या कबुलीने फीडलर बुडतो. मुंट खरोखरच ब्रिटिशांचा हस्तक असतो, कामगिरी त्याला वाचवण्यासाठीच आखलेली असते आणि हे लीमासलाही ठाऊक नसते. भाडेपट्ट्याचे पैसे ही चूक नव्हती. ती योजना होती. उपकार म्हणून दिलेली गोष्ट फास म्हणून वापरण्याइतका थंडपणा या एका तपशिलात आहे, आणि कादंबरीतल्या कुठल्याही गोळीबारापेक्षा तो जास्त अंगावर येतो.

यावर कंट्रोलचे समर्थन आरंभीच येऊन गेलेले आहे. सामान्य माणसांना रात्री निर्धास्त झोपता यावे म्हणून आम्हाला ओंगळ कामे करावी लागतात. आमचे धोरण सौम्य असले तरी पद्धती शत्रूइतक्याच कठोर असाव्या लागतात. एका बाजूची तत्त्वे आणि दुसऱ्या बाजूची कृत्ये यांची तुलना करू नये, असा त्याचा आशय. युक्तिवाद मूर्खपणाचा नाही. मॅकियाव्हेलीपासून राज्यशास्त्राने तो गंभीरपणे घेतला आहे.

त्याला उत्तर देतो तो शत्रुपक्षातला फीडलर. लीमासशी बोलताना तो सांगतो की ध्येयाच्या दिशेने पाऊल पडणार असेल तर आपण उपाहारगृहातही बाँब ठेवू, नंतर किती बायका-मुले गेली आणि किती वाट सरली याचा हिशेब मांडू. ख्रिस्ती समाजाला मात्र असा हिशेब मांडण्याची मुभा नाही. बोट नेमके दुखऱ्या जागी पडते. योहानाच्या शुभवर्तमानात कयफा हा प्रमुख याजक असाच हिशेब मांडतो: सगळ्या राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एका माणसाने मरावे. चांगले घडावे म्हणून वाईट करावे, ही शिकवण आपल्या माथी मारणाऱ्यांना पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात खडसावले आहे. देवाचे नाव न घेता कांटने १७८५ मध्ये तेच सूत्रात बांधले: माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वागवू नये.

भारतीय परंपरा याबाबत अधिक सोशिक आहे, असे मानले जाते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तापसाच्या वेषातले हेर आहेत, विष घालणारे रसद आहेत, अमात्यांची निष्ठा पारखण्यासाठी धर्म, अर्थ, काम आणि भय या चार प्रकारच्या उपधा आहेत. पण त्याच ठिकाणी कौटिल्य बजावतो की निर्दोष माणसाला अशा परीक्षेने दूषित करू नये. एकदा बिघडलेली बुद्धी पूर्ववत होईलच असे नाही. म्हणजे पापभीरूंनी ज्याच्या नावाने कानांवर हात ठेवावेत, त्या ग्रंथातही मर्यादारेषा आहे. महाभारतात अश्वत्थाम्याविषयी अर्धसत्य बोलताच युधिष्ठिराचा जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा रथ खाली टेकतो. युद्ध जिंकले जाते, पण झालेले पाप झाकले जात नाही.

अमेरिकी विचारवंत मायकेल वॉल्झर यांनी १९७३ च्या निबंधात हीच बाजू मांडली. राज्यकर्त्याला कधी हात मळवावे लागतात. मात्र ते मळले आहेत हे त्याला कळले पाहिजे आणि त्याने त्याची किंमत मोजली पाहिजे. ल कारे यांच्या हेरखात्यात नेमके हेच घडू शकत नाही. बेत एकाचा, पैसे दुसऱ्याने भरलेले, बळी जाणारा तिसराच. अपराध इतक्या जणांत वाटला गेला की कोणाच्याच वाट्याला तो पुरता येत नाही. वर गुप्ततेचे पांघरूण. ब्रिटनच्या परदेशी हेरखात्याला कायद्याचा आधार मिळाला तो १९९४ मध्ये. कादंबरी आली तेव्हा ते कायद्याच्या पुस्तकात नव्हतेच. उत्तर देण्याची पाळीच जिथे येत नाही, तिथे नाइलाजाने केलेले कृत्य आणि सोयीने केलेले कृत्य यांतला फरक बाहेरच्यालाच काय, करणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

वाचक लिझसाठी हळहळतो, ते स्वाभाविकच आहे. भिंत ओलांडताना तिला गोळी लागते आणि लीमास पश्चिमेकडे उडी न घेता तिच्याजवळ पूर्वेकडे परत उतरतो, तिथेच मारला जातो. त्याने कंट्रोलचा युक्तिवाद खोडलेला नाही, फक्त त्यात सामील राहायला नकार दिला आहे. तत्त्वाच्या दृष्टीने अवघड उदाहरण मात्र फीडलरचे आहे. तो शत्रू आहे, निर्दयही आहे. पण त्याचा संशय खरा होता आणि तो त्याने रीतसर न्यायासनापुढे नेला. खरे बोलला म्हणून तो बुडाला. त्याच्याच नियमाने त्याला तक्रारीला जागा उरत नाही. पण तो नियम आपला नव्हे असे सांगणाऱ्यांनीच तो त्याच्यावर चालवला. व्यक्तीची प्रतिष्ठा राखण्यासाठी लढतो म्हणणाऱ्या राज्याची कसोटी आपल्या निष्पाप माणसावर जितकी लागते, त्याहून अधिक अशा प्रामाणिक शत्रूवर लागते.

ल कारे या प्रकरणाकडे चोपन्न वर्षांनी परतले. 'अ लेगसी ऑफ स्पाइज' या २०१७ च्या कादंबरीत लीमासचा मुलगा आणि लिझची मुलगी हेरखात्याला कोर्टात खेचू पाहतात, आणि निवृत्त अधिकाऱ्यांना जुन्या फायलींचा जाब द्यावा लागतो. फीडलरच्या वतीने मात्र त्या पुस्तकातही कोणी दावा लावत नाही.