बांबूची घोडी

मारेगाव

चि. सोनूस,


तुझा फोटो पाहिला. सायकल सीट आणि हँडलवर उलटी उभी, तू शेजारी उकिडवी, ओढणी चाकाजवळ लोंबतेय आणि बोट थेट चेनवर. ज्या मैत्रिणीने तो काढला तिला गंमत वाटली असेल. तुझी मामी मात्र अख्खी दुपार तोच घेऊन बसली होती.

पोरी, स्वतः दुरुस्ती करतेस याचं कौतुकच आहे. पण उलट्या सायकलला जरा धक्का लागला की ती आडवी होते, आणि नेमका तेव्हाच आपला हात चाकात असतो. शिवाय सीट फाटते, घंटी मोडते, डावं-उजवं उलटं होऊन डोक्याचा गोंधळ तो वेगळाच.

आजोबांची अॅटलास तुला आठवत नसेल. तिचं मागचं स्टँड टाचेने ओढलं की मागचं चाक अधांतरी व्हायचं. आम्ही पोट्टे त्यावर बसून अंगणातल्या अंगणात वणी गाठायचो! आजोबांचं तेलपाणी, चेन ताणणं, सगळं त्याच स्टँडवर चाले. आता बहुतेक मिळतं ते एका बाजूचं, सायकल कलती ठेवणारं. अॅटलासचा साहिबाबादचा कारखाना तर 2020 च्या 3 जूनला, ऐन जागतिक सायकल दिनी बंद पडला. वाईट वाटलं. तुझ्या पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे. रविवारी जा, आणि तिथल्या सायकलींची स्टँडं नीट बघ.

तसं स्टँड नाही, तर तुझ्यासाठी बांबूची घोडी बरी. बुरुड आळीत जाऊन मनगटाएवढ्या जाडीचे बांबू आण. पाच-पाच फुटांच्या चार तुकड्यांच्या दोन कैच्या बांध, त्यांच्या बेचक्यांत अडीच-तीन फुटांचा आडवा बांबू टाक. तो सीटच्या उंचीपेक्षा चार-सहा इंच वर यायला हवा. खाली मागच्या पायांना जमिनीलगत एक आडवा, वरच्या कोपऱ्यांत हातभर लांबीचे तिरपे आधार. खिळे ठोकू नकोस, बांबू चिरतो. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळ, त्या सुतळीपेक्षा घट्ट धरतात. मग सायकल मागून उचलून सीटचं टोक आडव्या बांबूवर अडकव, एक पट्टी सीटखालून घे. पुढचं चाक जमिनीवर टेकलेलं राहील, मागचं मोकळं फिरेल. काम झालं की पट्ट्या सोडून बांबू गॅलरीत उभे करायचे. घरमालक कुरकुर करणार नाही.

आधी घोडीवर हाताने जोर देऊन बघ. हलली तर पुन्हा बांध. घाई कोणाला आहे?

चेन पुसताना पायडल उलटं फिरव. फ्रीव्हीलमुळे चाक जागेवर राहतं, चेन मात्र सरकते. फडकं चेनच्या खालच्या भागावर मधोमध धर, दात्यांच्या जवळ नको. मधोमध दाबल्यावर अर्धा इंच ढिली असली की पुरे. चाक आऊट आहे का ते बघायचं तर ते फिरवून ब्रेकच्या रबराकडे नजर ठेव, रिम कुठे जवळ येते ते दिसेल. फक्त नजर, बोट नाही. ओढणी खुंटीला, केस बांधलेले. हे मी आयुष्यभर सांगत राहणार, तू कंटाळ.

ब्रेकची रबरं झिजली असतील तर आधी ती बदल, बाकी सगळं नंतर. पुण्याच्या उतारावर चेन करकरली तरी घरी पोचता येतं, ब्रेक नसला तर कठीण. ते काम पहिल्यांदा मिस्त्रीसमोर बसून कर. शिकायला लाज नाही. आणि फिरत्या चाकात—बरं, लिहीत नाही पुन्हा.

इकडे कालच वावरात कापूस वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाली. कापूस बरा आहे, वेचायला माणसं मिळत नाहीत. रस्त्यावर कोळशाचे ट्रक वाढलेत, म्हणून मी सायकल आता गावातल्या गावातच काढतो.

सोबतच्या पिशवीत जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून मामीच्या जवसाच्या चटणीच्या डब्याखाली ठेवल्या आहेत. चटणीला रबराचा वास लागला तर तिला माझं नाव सांगू नकोस.

तुझा,
मामा