तिसऱ्या मुलाचा हिशोब कोणी ठेवायचा?

१९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, पण त्यामागचा विचार टिकून राहिला. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्या व्यक्तीला आजही इथे ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. यावर ठरलेले उत्तर असते: अन्न, पाणी, शाळा सगळ्यांच्या आहेत, मग एकाच्या घरातल्या निर्णयाचा भार इतरांनी का सोसावा? हा आक्षेप खोटा नाही. पण भार वाटून घ्यावा लागतो म्हणून दुसऱ्याच्या शरीरावर हक्क सांगता येत नाही. तसे असते तर आजारी आणि म्हातारी माणसेही सरकारी हिशोबात खर्चाच्या रकान्यात गेली असती.

शिवाय हा दंड भरतो कोण? उमेदवारी अर्जासोबत अपत्यांची संख्या लिहून देणाऱ्या बाईला तिसऱ्या खेपेला कुणी विचारलेलेच नसते. मुलगा हवा म्हणून सासरने ठरवलेले असते आणि अपात्र मात्र ती ठरते. सक्तीशिवाय जन्मदर उतरत नाही, हेही खरे नाही. चीनने १९८० च्या सुमारास एक-अपत्य धोरण लादले. त्याच काळात केरळचा जन्मदर मुलींच्या शिक्षणाच्या आणि गावोगावच्या दवाखान्यांच्या बळावर घसरला, आणि १९९१ पर्यंत तो चीनपेक्षाही खाली होता. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यांनी बायकांच्या हाती साधने दिली, निर्णय त्यांच्याकडेच ठेवला. सरकारने करायचे काम तेच होते.