सद्गुणांचा सारथी आणि विजेवरची गाडी

प्रिय धर्मग्रामस्थांनो,



"फादर, जुनी गाडी काढून विजेवरची घ्यावी म्हणतो. घेऊ की थांबू?" असे हल्ली मिस्सेनंतर बरेच जण विचारतात. बॅटरी किती वर्षे टिकते, गावाला जाताना वाटेत चार्जिंग मिळते का, हे गॅरेजवाल्याला विचारावे. पण एका तरुणाने विचारले, "पेट्रोलची गाडी चालवणे पाप आहे का?" हा प्रश्न धर्मगुरूचा आहे.

पेट्रोल जाळणे हे मुळात पाप नाही. आजाऱ्याला दवाखान्यात नेणारी रिक्षा आणि पहाटे दादरला फुले-भाजी पोहोचवणारा टेम्पो प्रीतीचे आणि कष्टाचेच काम करतात. मात्र 'पाप नाही' म्हटले की विषय संपला, असे नव्हे. आपल्या गाडीचा धूर आपल्या मागून चालणाऱ्याच्या छातीत जातो आणि हवेत साठणारा कार्बन अजून जन्माला न आलेल्यांच्या वाट्याला येतो. तेही आपले शेजारीच आहेत.

अशा वेळी ख्रिस्तसभा आपल्याला विवेकाकडे पाठवते. परंपरेने विवेकाला 'सद्गुणांचा सारथी' म्हटले आहे. संत थॉमस अक्वायनस त्याच्या तीन पायऱ्या सांगतात : नीट चौकशी करणे, योग्य निर्णय घेणे आणि तो अमलात आणणे. यांतली तिसरी पायरी मुख्य, असे ते मानतात. नुसती चौकशी करीत बसणारा माणूस विवेकी नव्हे आणि चौकशी न करता धावणाराही नव्हे.

तर आधी चौकशी करू. विजेवरच्या गाडीला धुराचे नळकांडे नसते, पण तिची वीज कुठून येते? आपल्या देशात दर दहा युनिटांतली साधारण सात युनिटे अजून कोळशापासून तयार होतात. म्हणजे काही धूर आपल्या गल्लीतून उठून डहाणू किंवा चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रांजवळ राहणाऱ्यांकडे जातो. तरीही हिशेब बरोबरीचा होत नाही. पेट्रोलचे इंजिन इंधनातली बहुतेक शक्ती उष्णतेत वाया घालवते, विजेची मोटर फार कमी घालवते. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेने २०२१ साली भारताचा हिशेब मांडला. गाडी व बॅटरी बनवण्यापासूनचे सगळे धरूनही, मध्यम आकाराच्या विजेवरच्या गाडीचे उत्सर्जन पेट्रोलच्या गाडीपेक्षा १९ ते ३४ टक्के कमी भरते, असे तिला आढळले. फायदा खरा आहे, पण गाडी निष्पाप नाही.

दुसरी गोष्ट बॅटरीची. जगातले निम्म्याहून कितीतरी अधिक कोबाल्ट काँगोच्या खाणींतून निघते आणि तेथे लहान मुलेही राबताना आढळली आहेत. २०२३ साली पोप फ्रान्सिस यांनी किन्शासाला जाऊन आफ्रिकेच्या या लुटीचा निषेध केला. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत आता कोबाल्ट नसलेली, लोह-फॉस्फेटची बॅटरी येते. घेताना दुकानदाराला एवढे जरूर विचारा.

आता निर्णय. 'पूर्ण निर्दोष पर्याय मिळेल तेव्हा बघू' ही पळवाट आहे. 'लाउदातो सी' या २०१५ च्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस सांगतात की कोळसा, तेल यांची जागा विनाविलंब दुसऱ्या ऊर्जेने घ्यायला हवी आणि तोवर कमी हानीचा पर्याय निवडणे रास्त आहे. पण 'विनाविलंब' म्हणजे सर्वांनी उद्याच, असे नाही. जो टॅक्सी किंवा टेम्पो रोज शंभर किलोमीटर चालवतो, त्याची गाडी बदलायची वेळ आली असेल आणि हप्ता झेपत असेल, तर त्याने आधी विचार करावा. त्याचा फायदा होतो आणि हवेचाही. ज्याची गाडी धडधाकट आहे आणि आठवड्यातून एकदाच बाहेर निघते, त्याने ती खुशाल वापरावी. नवी गाडी बनवण्यातही प्रदूषण होते आणि विकलेली जुनी गाडी दुसरा कोणी चालवतोच. चाळीत राहणाऱ्याला चार्जिंगची जागाच नाही. त्याच्या अंतःकरणावर कोणी ओझे टाकू नये. त्यापेक्षा ज्यांच्या सोसायटीत जागा आहे, त्यांनी चार्जिंगची सोय करण्यास हरकत घेऊ नये. ज्यांचे स्वतःचे छप्पर आहे, त्यांनी सौरऊर्जेचा विचार करावा. २०२४ पासून केंद्राच्या योजनेत घरगुती संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे.

आणखी एक मोह सांभाळायला हवा. नव्या गाडीबरोबर 'मी इतरांसारखा नाही' हा परुशी घरात येऊ शकतो. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी सेमिनरीतील तरुणांना बजावले होते की भपकेबाज गाडीचा मोह झाला तर भुकेने मरणारी मुले आठवा. ही सूचना आम्हा धर्मगुरूंना आधी लागू आहे. विजेवर चालते म्हणून भपका साधेपणा होत नाही. तीच बाब गर्दीची. 'लाउदातो सी'त एकदोन माणसांना घेऊन फिरणाऱ्या असंख्य गाड्यांबद्दल खंत आहे आणि सार्वजनिक वाहतुकीला अग्रक्रम देण्याचा आग्रह आहे. सगळ्या गाड्या विजेवर आल्या तरी स्टेशनचा रस्ता तितकाच तुंबेल.

दयाळू शोमरोन्याकडे कोणते जनावर होते, याची चर्चा प्रभू येशूने केली नाही. त्याने जखमी माणसाला त्यावर बसवले, हे मात्र आवर्जून सांगितले. म्हणून तिसरी पायरी, अंमल, या रविवारपासूनच सुरू करता येईल. चालत येण्यासारखे अंतर असेल तर चालत या. गाडी काढणारच असाल, तर शेजारच्या आजी-आजोबांना मिस्सेला सोबत घेऊन या. आणि गाडी बदलायची वेळ येईल तेव्हा घरात एकत्र बसून प्रार्थना करा, चौकशी करा, निर्णय घ्या आणि तो टाळू नका.

प्रभू आपल्या प्रवासात सोबत असो.

आपला,
धर्मगुरू