कळ

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाची पहिली पणती अण्णांनी लावायची, असा वर्षानुवर्षांचा रिवाज आहे. गेल्या वर्षी त्यांनी काडी ओढली, ती वातीपर्यंत पोचेतो विझली. दुसरीही विझली. तिसऱ्या काडीच्या वेळी वहिनींनी, जणू सहजच, त्यांच्या मनगटाखाली आपला हात धरला. पणती लागली, पण त्या क्षणी घरातल्या पोरासोरांसकट सगळ्यांनी दुसरीकडेच कुठेतरी पाहिले.

अण्णा माझे थोरले बंधू. त्यांना कंपवात आहे. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टराने १८१७ मध्ये या व्याधीवर निबंध लिहिला आणि पुढे तिला त्याचेच नाव मिळाले. मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. हात थरथरतो, अंग ताठरते, पाऊल उचलता उचलत नाही. गोळ्यांवर अण्णांची काही वर्षे बरी गेली. आता गोळीचा अंमल उतरला की ते जागच्या जागी थिजतात, आणि चढला की अंग नको तितके हेलकावते.

तेव्हा डॉक्टरांनी दुसरा मार्ग सुचवला. मेंदूच्या खोल भागात बारीक तारा बसवायच्या, छातीच्या कातडीखाली बॅटरी ठेवायची आणि विजेचे सूक्ष्म स्पंद, सेकंदाला शंभराहून अधिक, पाठवत राहायचे. पूर्वी मेंदूतला तेवढा ठिपका जाळून टाकीत. १९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रनोबल येथे डॉ. बेनाबिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जाळण्याऐवजी प्रवाह चालू ठेवूनच कंप थांबवता येतो, हे दाखवून दिले. आता ही शस्त्रक्रिया मुंबईतही होते. रोग तिने बरा होत नाही, आतून तो वाढतच राहतो. पण हात स्थिर होतो, अंग मोकळे होते.

घरात दोन तट पडले. पुतण्या म्हणाला, "यात विचार कसला करायचा?" वहिनी म्हणाल्या, "डोक्यात वीज खेळवल्यावर जे उरतील, ते हेच असतील का?" आणि मग दोघांनीही माझ्याकडे पाहिले. चार पुस्तके वाचलेल्या माणसावर असे प्रसंग येतात.

प्रथम मला वहिनींची भीती भाबडी वाटली. मेंदूचा कारभार मुळात चालतो तो विजेच्या सूक्ष्म लहरींवरच. आणि स्वभाव काय गोळीने बदलत नाही? कंपवाताच्या काही औषधांनी सरळमार्गी माणसांना जुगाराचा नाद लागल्याची उदाहरणे डॉक्टरांना चांगली ठाऊक आहेत. गोळी पोटात जाते म्हणून आपल्याला घरची वाटते. तार डोक्यात जाते म्हणून परकी.

पण नेदरलँड्समधील डॉक्टरांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेली एक हकीकत माझ्या वाचनात आली, आणि माझा हा शहाणपणा जागच्या जागी थांबला. तिथल्या बासष्ट वर्षांच्या एका रोग्याला अशाच तारा बसवल्या होत्या. अंग मोकळे झाले, पण मनाचे लगाम सुटले. उन्माद चढला, पैशाचा धरबंध राहिला नाही, कर्जे झाली. प्रवाह कमी-जास्त करून पाहिला, औषधे दिली; मधली जागा सापडेना. यंत्र चालू असले की वेड. बंद केले की शुद्ध ठिकाणावर, पण देह अंथरुणाला खिळलेला. शेवटी डॉक्टरांनी यंत्र बंद करून, तो भानावर असताना, त्यालाच विचारले. त्याने सांगितले, यंत्र चालू ठेवा आणि मला मनोरुग्णालयात ठेवा.

हा कौल कुणाचा मानायचा? उन्मादातला माणूस स्वतंत्र नव्हता, हे खरे. पण वेदनेने जखडलेला तरी स्वतंत्र होता काय?

ही गोष्ट मी अण्णांना सांगितली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या गृहस्थाला निदान कुणी विचारले तरी. मला या रोगाने काही विचारले होते का? मी चारचौघांत जाणे सोडले, नातवावर खेकसतो. हा तुला मूळचा मी वाटतो?"

मी निरुत्तर झालो. आणि माझ्या मनातली एक गोष्ट मला दिसली. अण्णांचा स्वभाव करारी. तो यंत्राने जरासा मवाळ झाला तर बरेच होईल, असे मला क्षणभर वाटून गेले होते! म्हणजे वहिनींना भीती होती अण्णा बदलण्याची, आणि मला त्याचीच चोरटी इच्छा. तेव्हापासून मला वाटू लागले, की खरा धोका विजेत नाही. आजारी माणसाचा 'खरा स्वभाव' आपल्या सोयीने ठरवणाऱ्या आपल्यासारख्या प्रेमळ माणसांत तो आहे. जाळलेला ठिपका परत येत नाही. प्रवाह मात्र कमी करता येतो. पण याचाच अर्थ असा, की रोज कुणीतरी तो ठरवायचा असतो. अशा ठिकाणी संमती ही एकदा सही करून संपणारी गोष्ट नव्हे. ती पुन्हापुन्हा विचारावी लागते.

अण्णांनी शस्त्रक्रियेला होकार दिला आहे. दिवाळीनंतरची तारीख ठरली आहे. परवा त्यांनी मला एक कागद दिला. या रोगात अक्षर बारीक होत जाते. एके काळी ठसठशीत लिहिणाऱ्या अण्णांच्या त्या तीन ओळी वाचायला मला भिंग लागले. 'पैशाचे भान सुटले तर व्यवहार हिच्या हाती द्यावा. स्वभाव फिरला असे तुम्हा दोघांनाही वाटले, तर डॉक्टरांना सांगून प्रवाह कमी करावा. मला विचारल्यावाचून बंद करू नये.'

"आणि मधली जागा सापडलीच नाही तर?" मी विचारले.

"तर मला दोन्ही वेळा विचार. यंत्र चालू असताना आणि बंद असताना. दोन्ही उत्तरे ऐकून घे. मग काय करायचे ते डॉक्टर, ती आणि तू मिळून ठरवा. पण ऐकल्याशिवाय नाही."

आपल्या भाषेत यंत्राच्या खटक्याला कळ म्हणतात आणि जिव्हारी उठणाऱ्या वेदनेलाही कळच म्हणतात. कागद मी देवघरातल्या फडताळात ठेवला आहे. यंदाची पहिली पणतीही अण्णाच लावतील. काड्या किती लागायच्या त्या लागोत. आणि यंदा मी दुसरीकडे पाहणार नाही.