सड्यावरच्या डबक्याचा राखणदार कोण?



आजचं चिंतन गीतेच्या ५व्या अध्यायातल्या १८व्या श्लोकावर. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने सगळ्यात खाली ढकललेला माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी माणूस सारख्याच नजरेने बघतो, असं भगवंत सांगतात. या यादीत आज आपण एक नाव जोडून बघूया: आंबोलीचा भेक.

भेक म्हणजे बेडकाचाच खरखरीत कातडीचा भाऊबंद. सिंधुदुर्गात सावंतवाडीहून घाट चढलं की आंबोली. तिथल्या या भेकाची स्वतंत्र प्रजाती म्हणून ओळख पटली ती २००९ साली. जीव जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढा, पण अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे. त्यावरूनच त्याचं शास्त्रीय नाव पडलं. आंबोली परिसर हेच त्याचं घर, आणि जागतिक यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे.

पाऊस सुरू झाला की सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, उथळ डबकी साचतात. तिथे मादी अंडी घालते. पावसाने ओढ दिली की डबकं आटतं आणि अंडी वाळून जातात. निसर्गाची ही परीक्षा मुळातच कठीण. त्यात भर आपली: त्याच पावसात वीकेंडला आपण धबधबे बघायला घाट चढतो, गाड्या कातळावर लावतो, डबक्यातून चालत रील बनवतो.

आता आंबोलीतलीच दुसरी गोष्ट ऐका. हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी महादेवाचं मंदिर आहे. तिथल्या कुंडाच्या पाण्यात २०२० साली एक नवा छोटा मासा सापडला. २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. खूप चांगलं झालं. तिथे देवाची राखण आधीपासूनच होती.

पण सड्यावर देऊळ नाही. सरकारी भाषेत तो ‘पडीक’, आणि आपल्या भाषेत पार्किंग. मग प्रश्न असा, की देवाच्या हद्दीत आला तो जीव पवित्र, आणि हद्दीबाहेरचा कोणाचा?

कोणी म्हणेल, ज्याने निर्माण केलं तो सांभाळेल. खरंय. पण स्वतःच्या मुलाच्या बाबतीत आपण असं म्हणून गप्प बसतो का? ‘सगळ्यांत देव आहे’ हे वाक्य जोवर आपल्याकडून काहीच मागत नाही, तोवर ते फक्त छान वाक्य असतं.

समदृष्टी म्हणजे सगळ्यांशी एकसारखं वागणं नव्हे. गायीला चारा हवा, हत्तीला रान हवं. भेकाला काय हवं? फक्त एवढंच, की त्याच्या डबक्यात कोणी पाय घालू नये. इतकं कमी मागणारा जीव दुसरा कोणता असेल?

आणि शास्त्राने त्याला विसरलेलं नाही हं. ऋग्वेदाच्या ७व्या मंडलातलं १०३वं सूक्त खास बेडकांवर आहे. वर्षभर मौन व्रत पाळून पावसाबरोबर बोलू लागणाऱ्या ब्राह्मणांची उपमा ऋषींनी त्यांना दिली आहे. म्हणजे गीतेच्या यादीतल्या पहिल्या नावाशेजारी त्यांनी बेडूक केव्हाच बसवला होता!

आंबोलीला जाऊच नका, असं मी म्हणणार नाही. चहाच्या टपऱ्या, घरगुती खानावळी पावसाळ्यावरच चालतात, आणि त्या माणसांतही तोच देव आहे. जा, पण गाडी ठरलेल्या जागीच लावा, रात्री पावसात घाटात हळू चालवा, कातळावरचं पाणी ओलांडून नव्हे तर वळसा घालून जा.

कोकणात गाऱ्हाणं घालताना पोराबाळांची, गुराढोरांची राखण मागतात. यंदा त्यात सड्यावरच्या त्या इवल्या जिवाचंही नाव घेऊया. व्हय म्हाराजा!

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥